साक्षीत न आलेला दवाखाना

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दुसरं गीत संपलं की साक्षीची वेळ असते. आठवडाभरात देवानं ज्याच्यासाठी काही केलं असेल त्यानं उभं राहून ते सांगायचं आणि बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचं, एवढंच. वेळ दहा मिनिटांची ठरलेली, पण आमच्या लोकांची घड्याळं नेमकी तेव्हाच बंद पडतात. कुणाची हरवलेली शेळी सापडते, कुणाच्या पोराला वर्ध्याच्या कॉलेजात प्रवेश मिळतो, कुणाला आर्वीच्या भरगच्च गाडीत बसायला जागा मिळते. एक आजोबा कधीकाळी पायाजवळून गेलेल्या सापाची साक्ष द्यायचे. तो साप दर खेपेस हातभर वाढायचा. मी पाळक, मागे खुर्चीत बसून उपदेशाचे कागद चाळत दातओठ खात असे. तापट माणूस आहे मी, हे मंडळीला ठाऊक आहे आणि माझ्या वरच्यालाही ठाऊक आहे.

घरी गेलो की बायको माझी फिरकी घ्यायची. "अजी, तुमचा उपदेश लोकं फाटकापाशीच सांडून जाते. साक्ष मात्र घरी नेते." मी फणकाऱ्यानं ताट ओढून घ्यायचो, पण तिचं म्हणणं खरं होतं. साक्ष घरी जाते, तिथून पाहुण्यांच्या घरी जाते, तिथून दुसऱ्या गावाला जाते. पुढं तेच आमच्या मुळावर आलं.

साक्षीचा एक नियम आहे. तो कुठं लिहिलेला नाही, कुणी शिकवतही नाही, पण माझ्या वडिलांच्या काळापासून मी तो पाहत आलोय. साक्षीत डॉक्टर येत नाही. माणूस पंधरवडाभर सलाईन लावून पडलेला असतो, पोटाला टाके असतात, तरी उभा राहिला की म्हणणार, प्रभूनं मला बरं केलं. दवाखान्याचं नाव काढलं तर देवाच्या श्रेयात वाटेकरी आणल्यासारखं वाटतं. यात कुणाचा खोटं बोलायचा इरादा नसतो. ऐकणाऱ्यांना सगळं माहीतच असतं. त्यांनीच दवाखान्यात डबे पोचवलेले असतात, त्यांनीच रक्त दिलेलं असतं. न सांगितलेला भाग ज्याचा तो मनात भरून घेतो. आता मी साक्ष देणाऱ्याला मधेच थांबवून विचारतो, कुठल्या डॉक्टरकडे गेला होतात तेही सांगा. लोकांना ते आवडत नाही. पाळकाचा विश्वास उडाला, असं ते माझ्या पाठीमागे म्हणतात, आणि कधीकधी समोरही. म्हणू द्या.

बायकोच्या छातीत गाठ निघाली तेव्हा आम्ही सिंदी मेघेत राहायला येऊन बरीच वर्षं झाली होती. प्रार्थनामंदिराच्या मागेच दोन खोल्यांचं आमचं घर. मंडळीची गीतं तीच सुरू करायची. तिचा आवाज फार गोड होता असं नाही, पण तो पक्का होता, आणि बाकीचे त्याच्या आधारानं गायचे. ऑपरेशन झालं, मग ती इंजेक्शनं सुरू झाली, उलट्या, तोंड आलेलं, केस गेले. ती डोक्यावर पदर घट्ट ओढून म्हणायची, बरं झालं, उवांची कटकट गेली. मी हसत नसे म्हणून तिला राग यायचा.

मंडळीनं तेव्हा आम्हाला तळहातावर ठेवलं. साखळी प्रार्थना लावली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकेका घरानं एकेक तास वाटून घेतला, म्हणजे दिवसातला एकही तास प्रार्थनेवाचून जायला नको. डबे तर इतके आले की विचारू नका. प्रत्येक डब्यात आलूवांग्याची भाजी. शेवटी बायकोनं निरोप धाडला की पाळकांना वांग्याची खाज सुटली आहे, कुणी तरी वरण पाठवा. खाजबीज काही नव्हती. मग वरणच वरण आलं. आज आठवलं की हसू येतं.

ती बरी झाली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पुन्हा करून सांगितलं की सध्या काही दिसत नाही, दाखवायला मात्र येत राहा. त्या रविवारी ती पांढरी साडी नेसून साक्षीला उभी राहिली. केस नुकते बोटभर आले होते. ती म्हणाली की मी मेल्यात जमा होते, मंडळीनं धावा केला आणि प्रभूनं मला उठवलं. बाया रडल्या, पुरुषांनी चष्मे पुसले, मी स्वतः पहिल्या रांगेतल्या पोरासारखा रडलो. दवाखान्याचा एक शब्द त्या साक्षीत नव्हता. मलाही तो राहिल्यासारखा वाटला नाही. कसा वाटणार? ऑपरेशनच्या दिवशी सगळी मंडळी दवाखान्याच्या बाहेर पायऱ्यांवर बसून होती.

मग गावोगावहून बोलावणी येऊ लागली. रोहण्याला महिन्यातून एकदा मी प्रार्थनेसाठी जायचो. तिथं चार घरं आमची, ओसरीवर सतरंजी अंथरून उपासना व्हायची. तिथले लोक म्हणाले, या खेपेस बाईंना आणा. आम्ही एसटीनं गेलो. तिनं तीच साक्ष दिली, शब्दाला शब्द. फरक एवढाच की रोहण्यात पायऱ्यांवर बसलेलं कुणी नव्हतं. त्यांना जे सांगितलं तेवढंच त्यांनी ऐकलं.

सगळे चहाला उठले तेव्हा ज्यांच्या ओसरीवर बसलो होतो त्या घरची सून मागे थांबली. तरुण पोरगी, कडेवर लेकरू. तिनं बायकोचा हात धरला आणि स्वतःच्या काखेखाली नेऊन ठेवला. तिथं सुपारीएवढी गाठ होती. बायकोनं हात तसाच ठेवून प्रार्थना केली, पोरीचा चेहरा पुसला, लेकराच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. दवाखान्यात दाखवलं का, हे तिनं विचारलं नाही. नंतर मला म्हणाली, दाखवलंच असेल असं मी धरून चालले. आमच्यात सगळे तसंच धरून चालतात. त्यानंतर त्या पोरीचा फोन आला की ती आधी मला आमच्यातल्या रीतीनं सलाम करायची आणि म्हणायची, बाईंना द्या.

वर्ष सरलं नाही तोच बायकोची पाठ धरली. ओसऱ्यांवर मांडी घालून बसण्यानं झालं असेल, असं ती म्हणायची. मी तेल चोळून द्यायचो. एका रविवारी गीताच्या दुसऱ्या कडव्यातच तिचा श्वास तुटला आणि मंडळी सूर सोडून भलतीकडेच गेली. दुसऱ्या दिवशी मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढले. मला एकट्याला आत बोलवायला लागले तर ती म्हणाली, मलाही येऊ द्या, आजार माझा आहे. रोग हाडात उतरला होता. आता दुखणं कमी करता येईल, त्याहून जास्त काही करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. भला माणूस होता. बोलताना त्यानं पेन टेबलावर ठेवून दिला होता.

परतताना ऑटोत ती फोटोंचं पाकीट मांडीवर धरून बसली होती. मी रस्त्याकडे पाहत होतो. तोंड उघडलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं सांगता येत नाही. मग ती म्हणाली, "त्या रोहण्याच्या पोरीनं डाक्टरले दाखवलं असन न?"

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो की तुला तुझं काय झालंय ते कळतंय का. ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं.

"मले कळते," ती म्हणाली. "तिले कळत नाई."

घरी आल्याबरोबर मी रोहण्याला फोन लावला. पोरगी अगदी आनंदात होती. गाठ आहे तशीच आहे, थोडी मोठी झाली असेल, पण मी दवाखान्यात गेले नाही, म्हणाली. बाई तरी दवाखान्यात कुठे गेल्या होत्या? मी तिला सगळं सांगितलं, ऑपरेशन, इंजेक्शनं, गेलेले केस. मग ती हळूच म्हणाली, "पास्टर, तुमी माह्या विश्वासाची परीक्षा पाहून राह्यले न?"

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. रोग परत आलाय हेही तिनं सांगून टाकलं. पोरीनं ऐकून घेतलं आणि उलट बायकोलाच धीर दिला. बाई, तुम्ही खचू नका, मी तुमच्यासाठी प्रार्थना करते, म्हणाली. फोन ठेवल्यावर बायको भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या स्वतःच्या रिपोर्टनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. म्हणाली, साक्ष दिलीय ना मी, आता फोनवरचं कोण ऐकतं. जिथं उभं राहून सांगितलं तिथंच उभं राहून सांगावं लागेल.

मंडळीच्या चिटणीसांना मी आधी कल्पना दिली. ते कळवळले, पण म्हणाले, कापणीचा सण तोंडावर आहे, त्या दिवशी खेड्यांवरची नवी माणसं येतात, त्यांचा विश्वास डळमळेल. बाईंनी शांतपणे घरी विश्रांती घ्यावी. त्यांच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. मलासुद्धा मनातून वाटत होतं की तिनं उभं राहू नये. तिच्यात उभं राहायची ताकद कुठं उरली होती? पण कापणीच्या सणालाच रोहण्याची मंडळी येणार होती.

सणाच्या दिवशी वेदीपुढं नेहमीसारखी रास लागली होती. पहिल्या वेच्याचा कापूस, तुरीच्या शेंगा, संत्री, दोन कोहळी, पाय बांधलेली एक कोंबडी. उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा. रोहण्याची पोरगी नवऱ्याबरोबर आली होती, ओंजळभर कापूस वेदीपाशी ठेवून लेकरासकट दुसऱ्या रांगेत बसली होती. बायकोला आम्ही खुर्चीत बसवून आणलं. साक्षीची वेळ झाली तशी ती बाकाला धरून उठली. मी हात द्यायला गेलो तर डोळ्यांनीच मला बसवलं.

"मी मांगं इथंच उभी राहून सांगितलं का प्रभूनं मले बरं केलं," ती म्हणाली. "पुरं नाई सांगितलं. माहं ऑपरेशन झालं, सुया झाल्या, केस गेले. आता तो रोग हाडात गेला, मी याच्यातून उठत नाई. देवावर माहा राग नाई. पन ज्याले गाठ असन त्यानं दवाखान्यात जावं. प्रार्थना आपन रस्त्यानं करू."

कुणी आमेन म्हटलं नाही. कोंबडी तेवढी फडफडली. मग चिटणीसांनी मागून एक गीत उचललं, चांगलंच वरच्या पट्टीत, आणि सगळे सुटल्यासारखे त्यात शिरले. त्या गीताच्या मधेच रोहण्याची पोरगी उठली, लेकरू काखोटीला मारलं आणि बाहेर निघून गेली. तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लिलाव मात्र व्यवस्थित झाला.

त्या दिवसानंतर आमच्याकडचं येणंजाणं आटलं. आधी मला वाटलं, लोक कामात असतील, वेचणीचे दिवस आहेत. मग कानावर यायला लागलं. पाळकाच्या घरात काही तरी लपलेलं पाप असणार, नाही तर देव दिलेलं परत कशाला घेईल? एक बाई तर घरी येऊन, पलंगाशी बसून, बायकोचा हात हातात घेऊन म्हणाली की आठवून पाहा, काही कबूल करायचं राहिलंय का. मी तिला फाटकापर्यंत पोचवलं आणि तिच्या पाठीशी फाटक आपटून लावलं. पाळकानं असं करू नये. केलं.

ती माणसं वाईट नव्हती, हे मी आज म्हणू शकतो. घाबरली होती. प्रत्येकाच्या घरात एक तरी आजारी होतं आणि प्रत्येकानं माझ्या बायकोच्या साक्षीवर आपलं ओझं ठेवलं होतं. ती सरकली तशी त्यांची ओझी खाली आली. देवानं ऐकलं नाही असं मानण्यापेक्षा पाळकिणीनं काही केलं असेल असं मानणं सोपं. हे सगळं समजतं मला. पण माझी बायको संध्याकाळी चारला फाटकाच्या आवाजाकडे कान लावून पडायची, बाया चहाला येतील म्हणून, आणि कुणी यायचं नाही, हे मला माफ करता येत नाही. मी दर रविवारी वेदीपुढं उभा राहून क्षमेवर बोलतो आणि माफ करता येत नाही.

यायची ती एकटी शेजारीण. निवृत्त शिक्षिका, बौद्ध घरातली. ती आमच्या प्रार्थनेत कधी बसली नाही आणि आम्ही तिला कधी बस म्हटलं नाही. ती बायकोचे केस विंचरून द्यायची, पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची, वाचता वाचता पुढाऱ्यांना शिव्या घालायची. बायकोला त्या शिव्या फार आवडायच्या. शेजारीण गेली की तिचा एकच प्रश्न असायचा, रोहण्याचा काही फोन आला का. मी लावायचो, पलीकडून कुणी उचलायचं नाही.

देवाशी माझी त्या दिवसांत रोज भांडणं झाली. लोकांना वाटतं पाळकाची प्रार्थना काही वेगळी असते. मी म्हणायचो, एका बाईनं तुझं नाव मोठं करायला दवाखान्याचं नाव गाळलं, तेवढ्यासाठी किती वसूल करशील? बायको ते ऐकायची आणि पलंगावरून म्हणायची, हळू बोला, शेजारी ऐकतात.

मग एका सकाळी ती पोरगी दारात उभी राहिली. लेकरू सासूजवळ ठेवून पहिल्या एसटीनं आली होती. तिनं ना सलाम केला ना चप्पल काढली. म्हणाली, "बाई, गाठ लय मोठी झाली. आता काय करू?"

बायकोनं तिला जवळ बोलावलं नाही, समजावलं नाही, काही नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, अजी, सदरा बदला. तीन दिवसांत तिनं धड अन्न घेतलं नव्हतं. श्वास लागला होता. अशा श्वासाची माणसं मी आयुष्यभर पाहत आलोय, मला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. मी सरळ सांगितलं की आज मी घरातून हलणार नाही. पोरीला शेजारणीबरोबर पाठवू.

"तिले तुमीच न्या," ती म्हणाली. एकेका शब्दाला थांबत होती. "तिथं कोनी काई बोललं का ते पोट्टी परत फिरते. डाक्टर पाहेस्तोवर उठू नका."

"अन् तू?"

"मी कुठी पळून जाऊन राह्यली?"

मी किती तरी माणसांचे हात शेवटी धरून बसलो आहे. परक्यांचे, वैऱ्यांचे, ज्यांच्याशी अबोला होता त्यांचेही. तिचा हात आपण धरणार एवढं मी गृहीत धरलं होतं. देवाकडे दुसरं काही मागायचं मी सोडलंच होतं. मी सदरा बदलला. निघताना तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करावी म्हटलं तर ती म्हणाली, रस्त्यानं करा. शेजारीण येऊन खुर्चीत बसली आणि आम्ही निघालो.

दवाखान्यात ही गर्दी. पोरगी बाकावर पिशवी पोटाशी धरून बसली होती, दर थोड्या वेळानं उठायला बघायची. मी बोलत राहिलो. कापूस कसा आहे, लेकरू बोलायला लागलं का, सासू कशी आहे, तोंडाला येईल ते. दुपार कलली तरी आमचा नंबर आला नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. शेजारणीचा होता.

"भाऊ, ताई गेल्या," ती म्हणाली. "पाणी मागितलं, दोन घोट घेतले, अन् गेल्या."

मी 'बरं' म्हणालो. माणसाच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. मी 'बरं' म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. पोरीनं विचारलं, कुणाचा होता. शेजारणीचा, मी म्हणालो. तिला त्या क्षणी सांगितलं असतं तर ती रडत आमच्या घराकडे धावली असती आणि या दारात पुन्हा कधी आली नसती. असं मला वाटलं. की मलाच तिथून उठायची ताकद नव्हती, कोण जाणे. सिस्टरनं पोरीचं नाव पुकारलं. मी तिच्याबरोबर आत गेलो.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. अजून तपासण्या लागतील म्हणाल्या, पण हाताला लागतंय त्यावरून फार उशीर झालेला दिसत नाही. याच आठवड्यात ऑपरेशनचं बघू. आणखी थांबला असतात तर कठीण होतं. पोरगी टेबलाची कड धरून उभी होती. बाहेर आल्यावर व्हरांड्यात ती रडली, मग पदरानं नाक पुसलं आणि हसली. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहत होतो.

"पास्टर, बाईले फोन लावा न," ती म्हणाली. "त्या वाट पाहून राह्यल्या असन."

मी म्हणालो, घरीच जाऊन सांगू.

ऑटोत बसल्यावर ती एकसारखी बोलत होती. बाईंना आधी काय सांगायचं, ऑपरेशनचं आधी की डॉक्टर बाईच होती ते आधी. सणाच्या दिवशी उठून गेले त्याची माफी कशी मागायची. त्या रागावतील का? नाही रागावणार, मी म्हणालो. बरी झाले की लेकराला घेऊन येईन, बाईंजवळ राहीन आठ दिवस, त्यांचं करीन. मी मान हलवत होतो.

सिंदी मेघेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली. मंडळी आली होती. चिटणीस, त्यांच्या घरचे, ती फाटकातून घालवलेली बाई, चारच्या चहाच्या सगळ्या बाया, सगळे फाटकापाशी गोळा होऊन उभे होते. पोरीनं ऑटोतून मान बाहेर काढून पाहिलं आणि मला विचारलं, "आज तुमच्या घरी प्रार्थना आहे का?"

मी हो म्हणालो.